नाकारलं म्हणून वाचलं

चित्र तसं लहानच आहे, दोन हात रुंदसुद्धा नाही. अमेरिकेच्या मध्यभागातलं उघडं, लाटांसारखं वर-खाली होत गेलेलं गवताळ माळरान. त्यावर बायसनांचा कळप चरतो आहे, आणि कळपाच्या दिशेने दोन पांढरे लांडगे जमिनीला चिकटून पुढे सरकताहेत. जवळ जाऊन पाहिलं की कातड्याखालचे माणसांचे चेहरे दिसतात, हातातली धनुष्यं दिसतात. धडधाकट बायसनांचा कळप लांडग्यांना भीत नाही. लांडगे कायम आसपास घुटमळतच असतात, म्हातारं किंवा जखमी जनावर मागे पडायची वाट पाहत. तेव्हा लांडगा दिसला म्हणून कळप चरणं थांबवत नाही. हे ओळखलेला शिकारी लांडग्याचंच कातडं पांघरतो आणि बाणाच्या टप्प्यात जाऊन पोहोचतो. घोडा नसेल किंवा दमलेला असेल, तेव्हाची ही शिकार.

जॉर्ज कॅटलिनने १८३२-३३ मध्ये रंगवलेलं हे चित्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याच्यासोबत याच चित्रकाराची आणखी साडेचारशेच्या आसपास चित्रं आहेत: सरदारांची, बायकामुलांची, वाळत घातलेल्या मांसाची, कातडी कमावणाऱ्या हातांची, चेंडूच्या खेळाची, व्रतांची, शिकारीची. या सगळ्याला कॅटलिनने एकच नाव दिलं होतं, ‘इंडियन गॅलरी’. पुढची हकिगत या गॅलरीची आहे, कॅटलिन तिच्यात आपोआप येतो. आणि हकिगतीचा मुख्य धागा जरा उफराटा आहे. ही गॅलरी आज शाबूत आहे ती कुणी जपली म्हणून नाही. जिने जपावी असं कॅटलिनला वाटत होतं, त्या सरकारने ती पुन्हा पुन्हा नाकारली म्हणून ती वाचली.

आधी एका शब्दाचा निकाल लावतो. कॅटलिन आणि त्याच्या काळातले सगळेच या जनावराला ‘बफेलो’ म्हणतात आणि मराठीत कुणी घाईने त्याची म्हैस किंवा रानरेडा करून टाकतं. म्हशीचा इथे काही संबंध नाही. नातं सांगायचंच तर ते राधानगरी-दाजीपूरच्या गव्याशी जास्त जवळचं. इंग्रज शिकारी गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणत, ते त्या दिसण्यावरूनच. ‘इंडियन’ शब्दाचं तर बोलायलाच नको. कोलंबसाची चूक तिकडच्या शेकडो जमातींच्या माथी बसली आणि आपण तिच्यापुढे ‘रेड’ जोडून ती आणखी पक्की केली. या लेखात तो शब्द गॅलरीच्या नावापुरताच येईल.

कॅटलिनचा जन्म १७९६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीचा. त्याची आई लहान असताना १७७८ च्या लढाईत तिच्या आईसकट मूळ रहिवाशांच्या हाती सापडली होती आणि पुढे सुखरूप परतली होती. ही गोष्ट घरात ऐकतच तो वाढला. बापाने त्याला वकील केलं. लिचफिल्डच्या प्रसिद्ध लॉ स्कूलमध्ये तो शिकला, थोडे दिवस वकिली केली, मग कायद्याची पुस्तकं विकून रंग आणि ब्रश घेतले आणि फिलाडेल्फिया गाठलं. तिथे हस्तिदंतावर बारीक व्यक्तिचित्रं काढून पोट चालत होतं. अशात पश्चिमेकडच्या काही जमातींचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाताना शहरात थांबलं. ढाली, झगे, पिसांची शिरस्त्राणं घातलेली ती माणसं पाहिली आणि आपल्याला आयुष्यात काय रंगवायचं ते तेव्हाच ठरलं, असं तो पुढे लिहितो. कॅटलिन स्वतःच्या आयुष्याची गोष्ट फार रंगवून सांगणारा माणूस. त्यामुळे हे क्षणात ठरलं, की मागणी कमी आणि चित्रकार जास्त अशा शहरात नवा विषय हवा होता म्हणून ठरलं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वेळ मात्र अचूक होती. १८३० मध्ये अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारने मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी कॅटलिन सेंट लुईसला जनरल विल्यम क्लार्कच्या दारात उभा राहिला. क्लार्क म्हणजे लुईस आणि क्लार्क या जोडगोळीतला, खंड ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत जाऊन आलेला. आता तो पश्चिमेकडच्या जमातींचा सरकारी कारभार पाहत होता. त्याच्या ओळखीने कॅटलिनला वाट मिळाली. १८३० ते १८३६ या काळात त्याने पाच प्रवास केले आणि आपण अठ्ठेचाळीस जमातींमध्ये राहून आलो असा हिशेब मांडला.

यातला १८३२ चा प्रवास म्हणजे गॅलरीचा पाया. अमेरिकन फर कंपनीची ‘यलो स्टोन’ नावाची आगबोट मिसुरी नदीतून सुमारे दोन हजार मैल वर, फोर्ट युनियनपर्यंत निघाली होती. कॅटलिन तिच्यावर चढला. परतीला दोन सोबत्यांना घेऊन लहान होडीतून वल्हवत खाली आला. त्या एका हंगामात त्याने शंभराहून अधिक चित्रं केली. हे कसं जमलं ते चित्रांतच दिसतं. चेहरा मन लावून केलेला, डोळे जिवंत, आणि खांद्याखालचं सगळं पातळ रंगात, भराभर. कॅनव्हास गुंडाळून न्यायचे, वाटेत जास्त ओझं नको. बरेचसे कॅनव्हास चोवीस बाय एकोणतीस इंचांचे, एकसारखे. ही सवय पुढे गॅलरीच्या पथ्यावर पडली: एकाच मापाची शेकडो चित्रं बांधायला, हलवायला आणि भिंतीवर ओळीने ठोकायला सोपी.

या चित्रांवर विश्वास कुणी का ठेवावा, हा प्रश्न त्याला सुरुवातीपासून छळत होता. म्हणून त्याने एक वकिली तोड काढली. जिथे चित्र काढलं तिथल्या सरकारी एजंटाकडून, लष्करी अधिकाऱ्याकडून, व्यापाऱ्याकडून दाखला घ्यायचा: हे चित्र अमक्या माणसाचं आहे, आमच्या समोर काढलं आहे, हुबेहूब आहे. वकिली सोडली तरी वकील काही पुरता गेला नव्हता.

१८३२ च्या त्या प्रवासात, वाटेवरच्या फोर्ट पियर या व्यापारी कोठीवर, त्याने सू लोकांची चित्रं काढली. तिथे लिटल बेअर नावाच्या योद्ध्याचं चित्र एका बाजूने काढलेलं, म्हणजे अर्धाच चेहरा दिसणारं. शॉन्का, म्हणजे कुत्रा, या नावाचा दुसऱ्या गटाचा एक सरदार ते पाहून म्हणाला की चित्रकाराला ठाऊक आहे, हा अर्धाच माणूस आहे. शब्दाने शब्द वाढला. थोड्याच वेळात बंदुका निघाल्या आणि लिटल बेअरच्या चेहऱ्याची नेमकी तीच बाजू उडाली जी चित्रात नव्हती. कॅटलिनला तिथून काढता पाय घ्यावा लागला आणि गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही, सूडाचं चक्र पुढे चालू राहिलं. हे सगळं कॅटलिननेच लिहिलं आहे. तपशिलात मीठमसाला असेल. पण चित्र काढणं ही तिथे निरुपद्रवी गोष्ट नव्हती, एवढं खरं.

त्याच फोर्ट पियरची दुसरी हकिगत तो सांगतो, आणि ती मला त्याच्या सगळ्या शिकारीच्या चित्रांची किल्ली वाटते. मे १८३२ मध्ये बायसनांचा प्रचंड कळप नदीपलीकडे आला. पाच-सहाशे सू घोडेस्वार पार गेले आणि संध्याकाळी चौदाशे ताज्या जिभा घेऊन परतले. बाकीचं मांस, कातडी, सगळं माळावर तसंच पडलं. त्या जिभांच्या बदल्यात कोठीवर मिळाली ती काही गॅलन दारू. तेव्हा कॅटलिनने रंगवलेली शिकार कुठल्या आदिम, अस्पर्श जगातली नव्हती. घोडे स्पॅनिश लोकांनी खंडात आणलेले, कातड्यांचे गिऱ्हाईक पूर्वेकडच्या शहरांत, आणि स्वतः चित्रकार व्यापारी कंपनीच्या बोटीतून आलेला. तो प्राणी आणि त्याच्यावर जगणारी माणसं दोन्ही संपणार, हे त्याने त्याच प्रवासात लिहून ठेवलं आणि सरकारने हा सगळा प्रदेश एक ‘राष्ट्राचं उद्यान’ म्हणून राखावा अशी सूचनाही केली. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना मांडणारं हे अगदी सुरुवातीचं लिखाण समजलं जातं. त्या कल्पनेत एक खोटही आहे. उद्यानात जनावरांबरोबर माणसंही ठेवायची होती, पारंपरिक वेशात, धनुष्यबाण घेऊन, जगाने पाहावीत म्हणून.

मिसुरीकाठी मँडन लोकांच्या गावात तो काही आठवडे राहिला. मातीच्या घुमटाकार घरांची ही दाट वस्ती, शेती करणारे, मका पिकवणारे लोक. फोर बेअर्स हा त्यांचा नावाजलेला योद्धा चित्रासाठी पूर्ण पोशाख चढवून यायला निघाला, तो सकाळपासून तयारी करत होता, उगवला दुपारी. त्याच्या अंगावर इतकं काही लटकत होतं की कॅटलिनने त्यातलं बरंच चित्रात गाळलं. रेषा साधी राहावी म्हणून, असं तो स्वतःच कबूल करतो. दाखले घेऊन फिरणारा माणूस हा! पण ओकिपा या चार दिवसांच्या व्रताचं, त्यातल्या देहदंडासह, त्याने जे चित्रण केलं ते आज त्या विधीचं डोळ्यांनी पाहिलेलं दुर्मीळ वर्णन ठरलं आहे. त्या काळी लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं. सरकारसाठी जमातींचा ग्रंथ लिहिणाऱ्या हेन्री स्कूलक्राफ्टनेही ते वर्णन झिडकारलं. शहानिशा करायला जाणार तरी कुणाकडे? १८३७ च्या उन्हाळ्यात कंपनीच्याच दुसऱ्या एका बोटीबरोबर देवी वर आल्या. सोळाशेच्या आसपास मँडन होते, शंभर-सव्वाशे उरले. फोर बेअर्स ३० जुलैला गेला.

त्याच सालच्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला गॅलरीचं पहिलं मोठं प्रदर्शन उघडलं. तिकीट पन्नास सेंट. भिंतींवर खालपासून छतापर्यंत चित्रं, मधोमध क्रो लोकांचा कातडी तंबू, भोवती झगे, चिलमी, ढाली, आणि स्वतः कॅटलिन काठीने एकेक चित्र दाखवत बोलत असलेला. एका व्याख्यानात त्याने सांगितलं की चांगल्या धनुष्यातून सुटलेला बाण बायसनाच्या शरीरातून आरपार जातो. लोक हसले. योगायोगाने सॉक लोकांचा प्रमुख कीओकक आपल्या माणसांसह सभागृहात होता. त्याने उठून सांगितलं की हे खरं आहे, आमच्यातल्या कितीतरी जणांनी हे केलं आहे. दाखल्यांपेक्षा हा दाखला जास्त उपयोगी पडला असणार.

जानेवारी १८३८ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट मूल्ट्रीवर कैदेत असलेल्या ऑसिओला या सेमिनोल नेत्याचं चित्र त्याने काढलं. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑसिओला कैदेतच मरण पावला. गॅलरीला एक चित्र मिळालं आणि गर्दी वाढली. हेही वाटचालीचाच भाग आहे, कितीही खटकलं तरी. ज्यांच्यावर ती उभी होती त्यांच्यावर आघात झाला की गॅलरीचा भाव चढत असे.

सरकारने हा संग्रह विकत घ्यावा, तो राष्ट्राचा व्हावा, हे स्वप्न त्याने इथूनच धरलं. काँग्रेसपुढे विषय निघाला आणि विरला. वैतागून त्याने गाशा गुंडाळला: सुमारे आठ टन सामान आणि दोन जिवंत ग्रिझली अस्वलं घेऊन १८३९ मध्ये लिव्हरपूलला उतरला. बोटीवर आणि बंदरात अस्वलांनी जो गोंधळ घातला त्याचं वर्णन त्याच्या पुस्तकात मुळातून वाचण्यासारखं आहे. शेवटी ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली आणि तिथेच मेली.

१८४० च्या फेब्रुवारीत पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये गॅलरी उघडली आणि काही काळ लंडन तिच्यावर लोटलं. पुढच्या वर्षी दोन खंडांचं पुस्तक आलं, चारशेच्या आसपास रेखाटनांसह, त्यालाही नाव मिळालं. पण लंडनचं नवल नऊ दिवसांचंच. गर्दी ओसरली तेव्हा कॅटलिनने चित्रांच्या जोडीला ‘जिवंत देखावे’ आणले: इंग्रज नट मूळ रहिवाशांचे कपडे घालून नाचत. मग १८४३ मध्ये एका दुसऱ्याच माणसाने आणलेले नऊ ओजिब्वे त्याच्या मांडवात आले आणि पुढच्या वर्षी चौदा आयोवा. व्हिक्टोरिया राणीने ओजिब्वेंना विंडसरला बोलावून पाहिलं. याच सुमारास बार्नम या अमेरिकन खेळवाल्याने आपला बुटका टॉम थंब त्याच हॉलमध्ये मांडला होता. म्हणजे ज्या संग्रहाला राष्ट्राचं संग्रहालय व्हायचं होतं, तो जत्रेतल्या तंबूच्या शेजारी येऊन बसला होता.

१८४५ मध्ये मुक्काम पॅरिसला हलला. लुई-फिलिप राजा तरुणपणी परागंदा असताना अमेरिकेत भटकलेला. त्याला आयोवा लोकांचं कौतुक, चित्रांचंही. लूव्हरमध्ये चित्रं लागली, राजाने नकला मागवल्या, आणखी एक मोठी चित्रमालिका सांगितली. १८४६ च्या प्रदर्शनावर लिहिताना बोदलेरने कॅटलिनच्या लाल-हिरव्या रंगांची मनापासून तारीफ केली. अमेरिकेत ज्याला लोक तमासगीर समजत, त्याला चित्रकार म्हणून ओळखलं ते या फ्रेंच कवीने. पण हा काळ कॅटलिनच्या घरासाठी काळरात्र होता. आयोवा लोकांतली एक आई पॅरिसमध्ये मेली, तिचं तान्हं मूल आधीच गेलं होतं. त्याच उन्हाळ्यात कॅटलिनची बायको क्लारा न्यूमोनियाने गेली. नंतर आलेल्या ओजिब्वेंच्या तुकडीत बेल्जियममध्ये देवी शिरल्या आणि त्यातले काही तिथेच दगावले. पुढच्या वर्षी कॅटलिनचा लहान मुलगा टायफॉइडने गेला. तीन मुली उरल्या. १८४८ ची क्रांती झाली, राजा पळाला, त्याच्याबरोबर पैसेही. कॅटलिन चित्रं घेऊन पुन्हा लंडनला.

या सगळ्या काळात तो वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवत होता, पत्रांतून आणि मित्रांकरवी. १८४६ ची संधी सगळ्यांत मोठी होती. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने कधीही न पाहिलेल्या अमेरिकेला ठेवलेल्या देणगीतून एक संस्था उभी राहत होती. काँग्रेसच्या समितीने कॅटलिनचा संग्रह घ्यावा, नव्या संस्थेत ठेवावा, अशी शिफारस केली. पॅरिसमधल्या अमेरिकन चित्रकारांनी सह्या करून तीच मागणी केली. पण मे महिन्यात मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं होतं. स्मिथसोनियन संस्थेचा कायदा ऑगस्टमध्ये झाला, चित्रांचा विषय मागे पडला. १८४९ मध्ये सिनेटमध्ये प्रस्ताव अगदी थोडक्या मतांनी पडला. डॅनियल वेबस्टरसारखा वक्ता बाजूने बोलला होता. विरोधात मत देणाऱ्यांत जेफरसन डेव्हिस होता, जो १८३४ च्या घोडदळाच्या मोहिमेत कॅटलिनबरोबर कोमांची लोकांच्या मुलखात गेला होता. कॅटलिन सांगतो की डेव्हिसने चित्रांची तोंड भरून स्तुती केली आणि मग तत्त्वाचा प्रश्न म्हणून विरोधात मत दिलं. दक्षिणेकडच्या प्रतिनिधीने मूळ रहिवाशांच्या आठवणी जपायला सरकारी पैसा देणं, हे त्यांच्या राजकारणात बसत नव्हतं. १८५२ मध्येही नकारच.

त्या वर्षी कॅटलिनचं दिवाळं निघालं. गॅलरी गहाण होतीच, आता सावकारांनी पकडली. मुलींना क्लाराच्या माहेरचे घेऊन गेले. चित्रं तुकड्यातुकड्यांनी लिलावात जाणार, तेवढ्यात जोसेफ हॅरिसन आला. फिलाडेल्फियाचा हा उद्योजक सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेची इंजिनं आणि डबे बांधून गबर झाला होता. त्याने मुख्य देणी भागवली, गॅलरी ताब्यात घेतली, पेट्यांत भरून फिलाडेल्फियाला नेली आणि बॉयलरच्या कारखान्यात ठेवून दिली. तिथे ती सत्तावीस वर्षं पडून राहिली. कुणी पाहिली नाही, कुणी साफ केली नाही. झगे, पिसं आणि कातडी कसरीने खाल्ली. कॅनव्हासवरचा रंग मात्र तगला.

आता वॉशिंग्टनकडे वळू, कारण गॅलरी तिथे नव्हती हेच महत्त्वाचं. स्मिथसोनियनचा लाल दगडी वाडा उभा राहिला होता. त्यात वरच्या मजल्यावर चित्रदालन. १८५२ पासून तिथे जॉन मिक्स स्टॅन्लीची चित्रं लागलेली. स्टॅन्लीही पश्चिमेत फिरून आलेला, तोही सरकारने आपला संग्रह घ्यावा म्हणून थांबलेला, त्यालाही नकार. पण त्याने चित्रं तिथेच ठेवली होती, आज ना उद्या मन बदलेल म्हणून. १८५८ मध्ये चार्ल्स बर्ड किंगची चित्रं त्यांच्या जोडीला आली. वॉशिंग्टनला करारमदारासाठी येणाऱ्या सरदारांची ही चित्रं १८२० च्या दशकात सरकारच्या पैशाने काढलेली, पक्की सरकारी मालमत्ता, काही वर्षं पेटंट ऑफिसच्या इमारतीत लोकांना दाखवली जाणारी. म्हणजे कॅटलिनला जे जन्मभर हवं होतं ते या दोघांच्या चित्रांना मिळालं होतं: राष्ट्राच्या संस्थेची भिंत.

२४ जानेवारी १८६५. कडाक्याची थंडी. दालनात चित्रांची मांडामांड करणाऱ्या कामगारांनी ऊब मिळावी म्हणून शेगडी लावली आणि तिची नळी धुराड्यात घालण्याऐवजी भिंतीच्या अस्तरामागच्या पोकळीत घातली. नळीतून निघालेली धग छपराखाली साठत गेली. दुपारी छत पेटलं आणि कोसळलं. स्टॅन्लीची सुमारे दोनशे चित्रं जळाली, मोजकीच वाचली. किंगची मूळ चित्रंही गेली. स्मिथसनचे स्वतःचे कागदपत्र आणि वस्तूही त्या आगीत गेल्या. १८४६ च्या समितीचं काँग्रेसने ऐकलं असतं, तर लांडग्याचं कातडं पांघरलेले ते दोन शिकारी आणि फोर बेअर्स कुठे लागलेले असते, हे सांगायला नको.

कॅटलिनला या सुटकेचं काही समाधान वाटलं असेल असं दिसत नाही. तो तोपर्यंत दक्षिण अमेरिका फिरून ब्रुसेल्सला बसला होता, बहिरा, एकटा, आणि आठवणीतून व रेखाटनांतून जुनीच चित्रं पुन्हा काढत होता. या दुसऱ्या संचात सहाशेहून अधिक चित्रं झाली. तीसेक वर्षांनी तो मायदेशी परतला. १८७२ मध्ये स्मिथसोनियनचे पहिले सचिव जोसेफ हेन्री यांनी त्याचा नवा संच त्याच वाड्यात लावू दिला आणि म्हाताऱ्याला मनोऱ्यातली एक खोली राहायला दिली. आगीनंतर डागडुजी केलेल्या वाड्यात, आपल्या चित्रांच्या नकलांच्या वर राहून, तो काँग्रेसला पुन्हा अर्ज करत राहिला. तब्येत ढासळल्यावर मुलींकडे नेलं. २३ डिसेंबर १८७२ ला जर्सी सिटीत तो गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं होतं. त्यात जनावरं होती. मूळ रहिवाशांना मात्र तिथून बाहेरच काढलं गेलं.

मूळ गॅलरी १८७९ मध्ये हॅरिसनच्या विधवेने स्मिथसोनियनला देऊन टाकली. चाळीस वर्षं पैसे देऊन न घेतलेली वस्तू फुकट आली. थॉमस डोनाल्डसनने पेट्या उघडून यादी केली आणि पुढे त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. चित्रं राष्ट्रीय संग्रहालयाच्या नव्या इमारतीत लागली. आणि तिथे एक विलक्षण योग जुळला. १८८६ मध्ये त्याच संग्रहालयाचा पेंढा भरणारा विल्यम हॉर्नडे माँटानात गेला, कारण संग्रहालयाकडे बायसनाचे चांगले नमुनेच नव्हते आणि जनावर संपत आलं होतं. त्याने मुश्किलीने काही मारून आणले, कातड्यांत पेंढा भरून देखावा उभा केला. पुढच्या एक-दोन वर्षांत काही जिवंत बायसन त्या लाल वाड्याच्या मागे कुंपणात चरत होते. त्यातूनच १८८९ मध्ये वॉशिंग्टनचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय सुरू झालं. हॉर्नडेच्या तेव्हाच्या मोजणीत अख्ख्या खंडात हजाराच्या आसपास जनावरं भरली. म्हणजे एका भिंतीच्या आत चित्रातला क्षितिजापर्यंतचा कळप, त्याच संग्रहालयात पेंढा भरलेले नमुने, आणि बाहेर कुंपणात उरलेले जिवंत.

त्यानंतरची अनेक वर्षं खरं तर कंटाळवाणी आहेत. चित्रं या खोलीतून त्या खोलीत गेली. पण एक गोष्ट टिपण्यासारखी: ती बराच काळ मानववंशशास्त्राच्या विभागात होती, कवट्या-हत्यारांच्या शेजारची ‘माहिती’ म्हणून. आज कलासंग्रहालयातल्या त्यांच्या क्रमांकांची सुरुवात १९८५ ने होते. बोदलेरने जे १८४६ मध्ये पाहिलं ते वहीत नोंदायला घरच्या मंडळींना एवढा वेळ लागला. कॅटलिनचा दुसरा संच दरम्यान न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेला होता. त्यातली साडेतीनशेहून जास्त चित्रं पॉल मेलनने विकत घेऊन १९६५ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिली. आणि कलासंग्रहालय १९६८ मध्ये ज्या इमारतीत उघडलं ती जुनी पेटंट ऑफिसची. होय, तीच, जिथून किंगची चित्रं उचलून ‘सुरक्षित’ वाड्यात नेली होती. ही इमारतही १८७७ मध्ये पेटली होती, पण तेव्हा कॅटलिनची चित्रं अजून बॉयलरच्या कारखान्यातच होती.

२००२ मध्ये रेनविक गॅलरीत मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रं कॅटलिन लावायचा तशीच लावली होती, भिंत झाकून टाकत, एकावर एक. त्या प्रदर्शनाच्या ग्रंथात रिचर्ड वेस्ट यांनीही लिहिलं. ते स्वतः शायन जमातीचे आणि मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संस्थापक संचालक. त्यांना कॅटलिनबद्दल एकच एक भावना ठेवता येत नाही: या माणसाने आपल्या लोकांचे चेहरे माणसांसारखे रंगवले, आणि त्याच लोकांचा खेळही मांडला. मला हे त्यांचं म्हणणं कोणत्याही कौतुकापेक्षा नेमकं वाटतं.

मँडन संपले, असं कॅटलिन लिहून गेला. ते संपले नाहीत. हिदात्सा आणि अरिकारा लोकांबरोबर ते आज उत्तर डाकोटात फोर्ट बर्थोल्डला राहतात. १९५० च्या दशकात मिसुरीवर धरण झालं आणि त्यांची नदीकाठची चांगली जमीन पाण्याखाली गेली. त्या जलाशयावर २००५ मध्ये नवा लांबलचक पूल झाला. त्याचं नाव फोर बेअर्स. वॉशिंग्टनच्या भिंतीवर फोर बेअर्स अजून भाला धरून उभा आहे, अंगावरचे निम्मे दागिने चित्रकाराने काढून ठेवलेला.